मारानाथा, लसूण आणि फातिमानगरचा सिग्नल

आमच्या घरी प्रार्थना म्हणजे बोलणं, आणि बोलणं म्हणजे पप्पांचं बोलणं. नगरला (आता कागदावर अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची, एक गीत, एक अध्याय, आणि मग पप्पा डोळे मिटून जे सुरू करायचे ते देशाच्या पंतप्रधानांपासून गल्लीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना देवापुढे उभं करूनच थांबायचे. आजारी माणसाचं नुसतं नाव सांगून त्यांचं भागायचं नाही. "प्रभू, तुझा दास सिव्हिल हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आहे..." असं पूर्ण पत्त्यासकट सांगायचे, म्हणजे देव चुकून शेजारच्या खाटेकडे जायला नको. आम्ही भावंडं एक डोळा किलकिला करून वरण गार होतंय ते बघायचो.

चेष्टा करतेय, पण खरं सांगायचं तर मला दुसरी प्रार्थना येतच नव्हती. लग्न झालं, पुण्याला आले, अकाउंट्सची नोकरी धरली, मुलगा झाला, आणि मी पण तसंच लांबलचक, मुद्देसूद, यादी वाचल्यासारखं देवाला सांगत राहिले.

मग पप्पा गेले. तीन वर्षं होतील आता. आणि गंमत बघा, रडू आलं, कामं झाली, दफनविधी, सभा, कागदपत्रं सगळं झालं, पण प्रार्थना करायला बसले की तोंडातून पहिलंच वाक्य त्यांचं यायचं, त्यांच्याच सुरात, आणि मी गप्प व्हायचे. देवावर राग-बिग नव्हता. फक्त माझ्याकडे स्वतःचे शब्दच नव्हते हे तेव्हा कळलं. चाळीशी ओलांडल्यावर.

सहा-सात महिने असेच गेले. रविवारी उपासनेला जायचे, गीतं म्हणायचे, घरी आले की काही नाही. ऑफिसातली एक मैत्रीण आहे, वसईकडची, कॅथलिक. तिला एकदा डबा खाताना बोलून गेले तर ती म्हणाली चल, एक दिवसाचं रिट्रीट आहे, कुणी तुला बोलायला लावणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मी गेले.

तिथे एक वयस्कर सिस्टर, म्हणजे नन, होत्या. त्यांनी जे सांगितलं ते इतकं कमी होतं की मला वाटलं पुढचं बहुतेक जेवणानंतर सांगतील. खुर्चीवर ताठ बसायचं, डोळे मिटायचे. एक छोटा शब्द निवडायचा. तो शब्द मनात हळूच म्हणायचा, म्हणजे देवा, तू इथे आहेस आणि मीही इथे आहे एवढंच. विचार आले की भांडायचं नाही, कळलं की परत शब्दाकडे यायचं. वीस मिनिटं. सकाळ-संध्याकाळ.

मी विचारलं, "आणि मागायचं कधी?"

म्हणाल्या, "मागा की. पण ती वेगळी वेळ. या वीस मिनिटांत नाही."

पहिल्या बैठकीत मी काय काय केलं ते सांगते. जीएसटी रिटर्नची वीस तारीख आठवली. दूधवाल्याचे पैसे आठवले. समोरच्या बाईंच्या साडीचा काठ आठवला, जो मी डोळे मिटायच्या आधी फक्त दोन सेकंद बघितला होता. मुलाचं गणित. परत जीएसटी. मग वाटलं झाली असतील वीस मिनिटं, हळूच घड्याळ बघितलं तर चार झाली होती.

तरी दुसऱ्या दिवशी घरी बसले. का बसले ते अजून नीट सांगता येत नाही, बहुतेक कोणीतरी मला पहिल्यांदाच सांगितलं होतं की शब्द नसले तरी चालतील.

आता शब्दाचं. सिस्टरांनी सांगितलं होतं की बरेच जण 'मारानाथा' घेतात. जॉन मेन नावाचे बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथातले एक इंग्रज संन्यासी होते, १९८२ साली वारले, ते हा शब्द शिकवायचे, मा-रा-ना-था, चार अक्षरं, चारही सारख्या वजनाची. येशू जी भाषा बोलायचा त्या अरामी भाषेतला शब्द, आणि बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अगदी शेवटी आहे, म्हणजे मी लहानपणापासून वाचलेला, पण कधी थांबून न बघितलेला. अर्थ "प्रभू, ये". आणि मजा म्हणजे तो जरा वेगळा तोडला, मारान-आथा, की "प्रभू आला आहे" असा होतो. आपल्याकडच्या श्लेषासारखंच झालं की.

पण मराठी कानाला त्याचं काय होतं सांगू? पहिले पंधरा दिवस मला "मारा, नाथा" ऐकू यायचं. कुणाला मारा? हसू यायचं, ध्यान संपलं. मग कधीतरी 'मारा' विरघळलं आणि 'नाथा' उरलं. संबोधन. अनाथांचा नाथ म्हणतो ना आपण, तसा नाथ. अरामी भाषेत त्याचा या नाथाशी काही संबंध नाही हे मला माहीत आहे, तिथे 'मारान' म्हणजे आमचा प्रभू, पण माझ्या आतल्या मराठीला कोण समजावणार, तिने आपला परस्पर अर्थ लावून टाकला, आणि मला वाटतं देवाची काही हरकत नसावी.

आईची मात्र होती. पप्पा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. पहाटे साडेपाचला मी हॉलमध्ये खुर्चीवर डोळे मिटून बसलेली बघून तिने पहिले दोन दिवस काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं, "अगं, बरं नाही का तुला?"

सांगितलं. तर म्हणाली, "म्हणजे जप?"

"जपच म्हण."

"आपल्यात नसतो तो. मत्तय सहा बघ. परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका म्हणून स्वतः प्रभूने सांगितलंय."

माझी आई चाळीस वर्षं संडे स्कूल शिकवत होती, तिच्याशी वचनांवर वाद घालणं म्हणजे वकिलाशी भांडण. पण त्या दिवशी मी पण बायबल काढलं. सातवं वचन ती म्हणते तेच आहे, बरोबर. पण त्याच्या आदलं, सहावं? खोलीत जा, दार लाव, आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. आणि पुढचं, आठवं? तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला माहीत आहेत. म्हणजे व्यर्थ बडबड जी म्हटली आहे ती एक शब्द म्हणणाऱ्यांची, की देवाला वॉर्ड नंबर सांगणाऱ्यांची? हे शेवटचं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हणायची हिंमत झाली नाही, आणि बरंच झालं.

वर मी एवढं म्हटलं, "आणि तू टिळकांची भजनं म्हणतेस ती?" ना. वा. टिळकांचं नाव नगरच्या ख्रिस्ती घरात काढलं की वाद निम्मा संपतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन ब्राह्मण कवी स्वतःच सांगायचा की मी ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. टाळ, अभंग, कीर्तन हे सगळं त्यांनी आमच्या देवळात आणलं आणि आम्ही शंभर वर्षं ते आमचंच म्हणून गातोय. मग नामस्मरणालाच दार का बंद, एवढाच माझा मुद्दा होता. आई म्हणाली, "टिळक टिळक होते. तू चहा टाक."

चर्चच्या मंडळीतल्या एका काकांचं म्हणणं जरा वेगळं होतं, की हे सगळं नवीन अमेरिकन फॅड आहे, मन रिकामं केलं की त्यात काहीही शिरतं. यावर मी थोडं वाचलं, कारण मला पण भीती होतीच. तर अमेरिकन आहे हे अर्धं खरं. मॅसॅच्युसेट्समध्ये स्पेन्सर नावाच्या गावी ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचा मठ आहे, तिथे १९७० च्या दशकात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि मठाधिपती थॉमस कीटिंग या तिघांनी ही वीस मिनिटांची साधी पद्धत बसवली, कारण तरुण पोरं मठाच्या दारावरून पुढे बौद्ध ध्यान शिकायला जाताना त्यांना दिसत होती आणि आपल्याकडे काहीच नाही का असा प्रश्न पडला होता. पण त्यांना ती सापडली कुठे? चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी पुस्तकात, ज्याच्या लेखकाने नाव सुद्धा लावलेलं नाही. तो म्हणतो शब्द एकाच अक्षराचा घ्या, जितका छोटा तितका बरा. आणि त्याच्याही हजारेक वर्षं आधी इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी बायबलातल्या स्तोत्र सत्तरची पहिली ओळ दिवसभर घोळवत बसायचे, देवा धावून ये, परमेश्वरा लवकर मदतीला ये, असं योहान कॅसियनने पाचव्या शतकात लिहून ठेवलंय. धाव रे देवा! आपल्याकडची कुठलीही आजी गुडघा धरून उठताना हेच म्हणते.

जॉन मेनची गोष्ट तर अजून वाकडी आहे. ते संन्यासी होण्याआधी १९५० च्या दशकात मलायात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते, तिथे क्वालालंपूरला स्वामी सत्यानंद नावाच्या हिंदू स्वामींनी त्यांना मंत्र घेऊन बसायला शिकवलं, पण ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती शब्द घ्यावा असं सांगून. पुढे लंडनच्या मठात दाखल झाल्यावर गुरूंनी सांगितलं, हे सोडा, ही आपली पद्धत नाही. त्यांनी आज्ञा म्हणून सोडलं. आणि बऱ्याच वर्षांनी कॅसियन वाचताना त्यांना तेच सापडलं, आपल्याच माळ्यावर. मला ही गोष्ट टिळकांच्या पुलासारखीच वाटते. फक्त पूल ओलांडून गेल्यावर समजलं की पलीकडे आपलंच घर आहे.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. सलाम केला आणि निघाले. आणि त्यांची शंका काही जगावेगळी नव्हती, लोणावळ्याच्या साधना संस्थेतून हजारोंना ध्यान-प्रार्थना शिकवणारे मुंबईचे जेझुइट फादर अँथनी डिमेलो १९८७ साली गेले, आणि अकरा वर्षांनी व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढलीच की. पण मन रिकामं होतं ही जी भीती आहे ना, त्याबद्दल मी स्वानुभवाने सांगते, कृपया निश्चिंत राहा. माझं मन आजवर एकदाही रिकामं झालेलं नाही.

बरं आता रोजचं. सकाळची बैठक साडेपाचला, पाणी सव्वासहाला येतं म्हणून त्याच्या आधी. लाकडी खुर्ची, कारण मांडी घातली की डाव्या पायाला मुंग्या येतात आणि मग प्रार्थना मुंग्यांचीच होते. फोन फ्लाइट मोडवर, वीस मिनिटांचा टायमर. आधी टायमरला घंटेचा आवाज लावला होता, आईने "आता घंटा पण?" अशा नजरेने बघितलं म्हणून चिमणीचा लावला. शेवटी एकदम उठायचं नाही, दोन मिनिटं तसंच बसायचं आणि मग प्रभूची प्रार्थना हळू म्हणायची, हे सिस्टरांनी बजावून सांगितलं होतं आणि ते खरंच महत्त्वाचं आहे, नाहीतर तुम्ही शांततेतून थेट डब्याच्या भाजीवर आदळता आणि पहिल्याच माणसावर खेकसता. पहिला माणूस आमच्याकडे मुलगा असतो.

संध्याकाळची बैठक कागदावर आहे. खरं सांगते, आठवड्यातून दोनदा झाली तर खूप. महिन्याच्या अठरा, एकोणीस, वीस तारखेला तर विषयच नको. पूर्वी मी यावरून स्वतःला खूप बोलायचे, आता संध्याकाळी भाजी चिरताना तोच शब्द घेते. ब्रदर लॉरेन्स म्हणून एक होऊन गेले, पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकी, आधी सैनिक होते, १६९१ साली वारले. त्यांना स्वयंपाकघराचं काम मुळात आवडायचं नाही (हे वाचून मला ते लगेच जवळचे वाटले), पण भांड्यांच्या गोंगाटात पण त्यांना देव तितकाच जवळ वाटायचा जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर. सुंदर आहे. फक्त त्यांना दहावीच्या मुलाचा क्लास, पार्किंगमधलं भांडण आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता, एवढं नोंदवून ठेवते.

पण मला स्वतःला जास्त कामाला आला तो फातिमानगरचा सिग्नल. मी हडपसरहून कॅम्पात स्कूटीवर जाते. त्या सिग्नलला लाल आकडे उलटे मोजत बसतात आणि मागचा रिक्षावाला बत्तीस सेकंद शिल्लक असताना हॉर्न सुरू करतो. मी त्याला मनात जे म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही. एक दिवस काही न ठरवता आतून मा-रा-ना-था सुरू झालं, हेल्मेटच्या आत, पीएमटीच्या धुरात. मी सुरू केलं नव्हतं. हॉर्न वाजतच होता, पण तो रिक्षावाल्याकडे राहिला, माझ्यापर्यंत आला नाही. मग सिग्नल सुटला. एवढंच झालं. लोक विचारतात ना, बसल्यावर काय अनुभव येतो, प्रकाश दिसतो का? बसल्यावर काही नाही येत हो. बसल्यावर जीएसटी येतं. जे काही येतं ते असं दिवसात कुठेतरी मधेच, आपलं लक्ष नसताना.

अविलाच्या तेरेसाचं मला फार कौतुक वाटतं ते याच्याचसाठी. सोळाव्या शतकातली स्पेनमधली ही बाई, प्रार्थनेवर तिच्याइतकं कोणी लिहिलं नसेल, आणि ती स्वतः कबूल करते की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर माझं लक्ष देवापेक्षा तास कधी संपतो आणि घड्याळाचे टोले कधी पडतात यातच असायचं. माझ्या चार मिनिटांना केवढा आधार मिळाला!

तिने आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बागेची उपमा दिली आहे. बाग देवाची, आपण माळी, आणि बागेला पाणी देण्याच्या चार तऱ्हा. विहिरीतून पोहऱ्याने शेंदून, रहाटाने, ओढ्या-नदीचं पाणी वळवून, आणि पाऊस. पहिल्यात कष्ट सगळ्यात जास्त, पाणी सगळ्यात कमी. शेवटच्यात आपण काहीच करत नाही. अविला कोरड्या पठारावरचं गाव, तिला पाण्याची किंमत माहीत होती. ती आणि नगर जिल्ह्यातली माणसं, आमची चांगली जमली असती.

कारण हे वाचताना माझ्यापुढे स्पेन आलंच नाही, नेवाशाकडचं आजोबांचं शेत आलं. आजोबा मोटेच्या गोष्टी सांगायचे, बैल मागे-पुढे, मागे-पुढे, दिवसभर, आणि थारोळ्यात पाणी पडताना होणारा तो आवाज. पुढे इंजिन आलं, मग मुळा धरणाच्या पाटाचं पाणी. पाटाला आवर्तन सुटलं की रात्री-बेरात्री कंदील घेऊन दारं धरायला जायचं. दारं धरणं म्हणजे काय ते शहरातल्यांसाठी सांगते, पाणी आपणहून येत असतं, आपण फक्त फावड्याने एका सरीचं तोंड मोडायचं, दुसरीचं बांधायचं, आणि जागं राहायचं. तेरेसाचं तिसरं पाणी याहून चांगलं मला कोणी समजावून सांगू शकत नाही. मी अजून मोटेवर आहे. मोट खाली जाते, वर येते, त्यात कधी पाणी असतं, कधी नुसता गाळ, आणि कधी तर कोरडीच येते. तेरेसा म्हणते कोरडी आली तरी सोडत राहा, बाग ज्याची आहे त्याला तुझं सोडणं दिसतंय.

त्याच विहिरीवरून आमच्याकडे भाऊबंदकी झाली. वाटणीत विहीर कुणाच्या बांधात, पाळी कुणाची, पप्पांच्या शेवटच्या दोन वर्षांत तेच चाललं होतं. मला वाटलं होतं मी ते मागे टाकलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, अगदी शांत बसलेली असताना, एका सकाळी चुलत्यांचा आवाज कानात आला, पप्पांना बोलले होते ते वाक्य जसंच्या तसं, आणि मी थरथरायला लागले. शब्द-बिब सगळं गेलं. वीस मिनिटं नुसती रडले. सिस्टरांना फोन केला तर म्हणाल्या, असं होतं, गप्प बसलं की तळातलं वर येतं, घाबरू नका, पण झेपत नसेल तर वेळ कमी करा आणि कुणाशी तरी बोला, एकटीने ओढत बसू नका. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी इथे सांगतेय. मी आठवडाभर पाचच मिनिटं बसले. चुलत्यांना अजून फोन केलेला नाही. पण घरात त्यांचं नाव निघालं की पोटात जो गोळा यायचा तो हल्ली उशिरा येतो आणि लवकर जातो. सध्या तरी इतकंच.

गेल्या महिन्यात एकदा पहाटे मी बसले होते आणि शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडले नाहीत. आई होती. थोडा वेळ काही नाही, मग बारीक चर्र-चर्र सुरू झालं, ती लसूण सोलत होती. बहुतेक रिकामं बसवेना. मारानाथा, चर्र, मारानाथा, चर्र. पप्पांच्या लांबलचक प्रार्थनेत पण ती अशीच मांडीवर परात घेऊन काहीतरी निवडत बसायची, आम्हाला मात्र हात जोडायला लावून, हे मला त्या क्षणी आठवलं, इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं.

चिमणी वाजली. मी दोन मिनिटं थांबले, प्रभूची प्रार्थना मनात म्हटली, डोळे उघडले. पाटीत लसणाचा ढीग.

"झाली?" आईने विचारलं.

"झाली."

"मग आमेन तरी म्हण की मोठ्याने. मला कसं कळणार संपली ते."

"आमेन."

"आमेन," ती म्हणाली, आणि टरफलं फुंकत उठली, कारण नळाला पाणी आलं होतं.